लिंबाजी सरांचं शेवटचं प्रकरण

भोकरदनच्या स्टँडवर उतरलेल्या गर्दीत लेखक कोणता, हे लिंबाजी सर लांबूनच ओळखायचे. "बाकीचे लोक पिशवी खांद्याला लटकवतात रे," ते म्हणायचे, "लेखक ती पोटाशी धरून उतरतो." पिशवीत कादंबरी असायची. सर पुढं होऊन नमस्कार करायचे, पिशवी आपल्या हातात घ्यायचे आणि आत डोकावूनही न बघता चालायला लागायचे. लेखक बिचारा मागं मागं. त्याला वाटायचं, आता घरी नेतील, चहा पाजतील, चष्मा लावून पहिलं पान उघडतील. सर त्याला गावाबाहेरच्या आपल्या शेताच्या वाटेला लावायचे आणि म्हणायचे, "हं, सांगा."

"काय सांगू?"

"कादंबरी. सुरुवातीपासून सांगत चला. वाट लांब हाय."

संभाजीनगरचे एक प्रकाशक सरांचे कॉलेजातले मित्र होते. त्यांच्याकडे आलेली कादंबरी त्यांना बरी वाटली, पण कुठंतरी अडतेय असं वाटलं, की ते लेखकाला भोकरदनची बस धरायला सांगायचे. सर शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर तर त्यांना हेच काम उरलं. पुस्तकावर त्यांचं नाव कुठंच नसायचं, आणि त्याचं त्यांना काही वाटायचंही नाही.

त्यांची रीत साधी होती. लेखकानं चालता चालता अख्खी कादंबरी तोंडी सांगायची. सर मध्ये बोलायचे नाहीत. तोंडात लवंग, हात पाठीशी, आणि त्या हातात लोंबणारी लेखकाची पिशवी. शेतात पोचलं की विहिरीजवळच्या लिंबाखाली बसायचं. मग पिशवी उघडायची, कानामागची पेन्सिल काढायची, आणि लेखक जे जे सांगायला विसरला असेल त्या प्रत्येक पानाच्या कडेला एक बारीक उभी रेघ मारायची. तेवढं काढायचं. लाल पेन त्यांनी कधी वापरला नाही. "माझंबी चुकू शकतं. खोडता आलं पाह्यजे," असं म्हणून ते ब्लेडनं पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

मी त्यांचा विद्यार्थी, आठवीपासूनचा. त्यांचा मुलगा संतोष माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. पुढं मी जालन्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला लागलो, चार माणसं शहाणा म्हणायला लागली, तशी मलाही कादंबरी झाली. ती घेऊन मी गेलो तेव्हा घरचाच म्हणून मला सूट मिळेल अशी आशा होती. कसली सूट? शेताच्या वाटेनं मी भडाभडा सगळी सांगितली. लिंबाखाली बसल्यावर सरांनी तिसरं प्रकरण काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत रेघ ओढत नेली. ते प्रकरण केळणा नदीच्या पहाटेवर होतं. त्यातलं एकेक वाक्य मी आरशासमोर उभं राहून वाचून बघितलं होतं.

"सर, हे सगळ्यात चांगलं प्रकरण आहे."

"आसंल. पण तू वाटेत सांगितलं न्हाईस."

"राहून गेलं."

"लिवणाराच इसरला, मंग वाचणाऱ्यानं काऊन ध्यानात ठिवावं?"

मी जालन्यापर्यंत रागानं धुमसत आलो. घरी बायकोला म्हणालो, म्हातारा खेड्यातला आहे, त्याला काय कळतंय. पुस्तक निघालं तेव्हा मीच ते प्रकरण शोधायला विसरलो.

त्यांचे काही नियम होते आणि ते ऐकवताना त्यांना मजा यायची. "सूर्य रोज मावळतो. त्याचं तुमच्या गोष्टीत काय काम हाय ते आधी सांगा." "माणूस घरात आला की त्याला बसायला काहीतरी द्या, दोन पानं झाली, पाव्हणा उभाच हाय." पण मरणाचा प्रसंग आला की त्यांची मजा थांबायची. लवंग थुंकून टाकायचे. "मरताना माणूस भाषण करत न्हाई. त्याचं शेवटचं वाक्य आपल्या मनानं लिवू नका. जवळ कोण होतं? त्याला जाऊन इचारा. ज्यानं पाह्यलं त्याला इचारा, आन् तो सांगंल ते गप ऐका." कुणी म्हणालं, सर, ही कादंबरी आहे, कल्पनेनं लिहितात, तर म्हणायचे, "बराबर हाय. पण कल्पनेला चालायला खाली जमीन लागती का न्हाई?"

संतोषला या सगळ्याचा कंटाळा होता. तो शेतकीची पदवी घेऊन गावात राहिला, मोसंबीची बाग लावली. लिंबाखाली लेखक आणि सर बसलेले दिसले की लांबूनच ओरडायचा, "बाबा, तुमचं कापाकापीचं झालं असंल तं छाटणीला माणूस कमी हाय!" सर हसायचे. लेखकाला म्हणायचे, "माझा खरा संपादक तो." पोराचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो ते लपवायचेही नाहीत.

तो गेला तो त्याच बागेत. सकाळी पाणी द्यायला आई आणि तो असे दोघंच गेले होते. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत करंट उतरला होता. सर त्या दिवशी संभाजीनगरला प्रकाशकाकडे, कुणाच्या तरी कादंबरीचं शेवटचं प्रकरण घेऊन बसलेले. निरोप पोचून ते गावात येईपर्यंत सगळं गाव अंगणात जमलं होतं. मीही तोवर आलो होतो. सरांनी लोकांनी सांगितलं ते ते सगळं केलं. अग्नी दिला, डोकं भादरलं, आलेल्या माणसांना बसायला सतरंजी टाकायला सांगितली. त्यांना रडताना मी त्या दिवसांत पाहिलं नाही.

पेटीपाशी नेमकं काय झालं हे एकट्या गयाकाकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, माहीत होतं. तो जागीच गेला की काही वेळ होता, काही बोलला का, त्यांनी त्याला हात लावला का. पोलिसांना त्यांनी "करंट लागला" एवढंच सांगितलं. भेटायला आलेल्या बायकांनी खोदून खोदून विचारलं, त्यांना तेवढंही सांगितलं नाही. आणि सरांनी विचारलंच नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षी नाही.

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. काकू सरांना "संतूचे बाबा" म्हणून हाक मारायच्या. "संतूचे बाबा, पाणी काढलंय." "संतूचे बाबा, तुमचा लेखक चहा इसरून गेला." तो गेल्यावरही त्यांची हाक तीच राहिली. पण सर ओ देईनात. ऐकू आलं नाही असं दाखवून बसून राहायचे, नाहीतर उठून अंगणात जायचे. काही दिवस काकूंनी वाट बघितली. मग एके दिवशी त्या "आवो" म्हणाल्या, आणि सर लगेच वळून "काय?" म्हणाले. मी तिथंच पाटावर जेवत होतो. काकूंचं तोंड एकदम उतरलं.

सर शेतात जायचे थांबले. शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला देऊन टाकलं. लेखक मात्र येतच राहिले, कारण प्रकाशक मित्राला वाटलं की कामानं माणूस सावरेल. आता सर त्यांना बाजार समितीत न्यायचे. मिरचीच्या हंगामात तिथं पाय ठेवायला जागा नसते. हमालांच्या आरोळ्या, गाड्यांची मागंपुढं, हवेत मिरचीचा ठसका. त्या गदारोळात लेखकानं खोकत, डोळे पुसत कादंबरी सांगायची. नायिकेचं लग्न मोडलं तिथं एक लेखिका घळाघळा रडल्या, सर गहिवरून त्यांच्याकडं बघत राहिले, आणि नंतर कळलं की त्यांच्या डोळ्यात मिरची गेली होती. हा किस्सा सर स्वतःच सांगायचे. सांगून होईपर्यंत हसायचे आणि मग खिशात लवंग शोधायला लागायचे.

याच दिवसांतली ती आष्टीकडची शिक्षिका. तिनं आजोबांवर कादंबरी लिहिली होती. शेवटच्या प्रकरणात आजोबा सगळ्यांना जवळ बोलावतात, नातीच्या हातून पाणी पितात आणि डोळे मिटतात. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्या दिवशी पाऊस होता म्हणून बाजारातून लवकर परतलो होतो, सगळे ओसरीवर होतो.

"पाणी तुमी पाजलं?"

"नाही सर. मी तेव्हा डी.एड.ला होते, होस्टेलवर."

"मंग कुणी पाजलं?"

"माहीत नाही. आत्या होती घरी."

"आत्या हाय का?"

"आहे ना. परतूरला असते."

"मंग परतूरची गाडी धरा. आत्याला इचारा. कादंबरीसाठी इचारते आसं म्हणू नका. आजोबासाठी इचारा."

ती गेली, आणि पुढच्या आठवड्यात परत आली. चेहराच बदलला होता तिचा. म्हणाली, "आत्यानं सांगितलं, पाणी कुणीच पाजलं नाही. सगळे आत जेवायला बसले होते. आजोबा बाहेर एकटेच वारले. आत्या इतकी वर्षं ते कुणाला बोललीच नव्हती, सर. मी विचारलं तर माझा हात धरून संध्याकाळपर्यंत बोलत राहिली." सर खूश झाले. इतके, की मांडीवर थाप मारली. "पाह्यलं? माणूस इचारायची वाट पाहून राह्यलेला असतो. आपण जातच न्हाई!"

काकू चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सरांकडं पाहिलं. सर त्या शिक्षिकेच्या कागदांवर वाकलेले. काकूंनी कप खाली ठेवले आणि आत गेल्या. चहा निवून गेला तरी कुणी घेतला नाही.

नंतर मी आत डोकावलो. त्या मेथी निवडत होत्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "काकू, तुम्ही मला सांगता का? मी सरांच्या कानावर घालतो."

"तुला काऊन सांगू?" त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "त्याचा बाप हाय ना जित्ता. त्यायनं इचारलं की त्यायला सांगीन. दुसऱ्या कुनाला सांगून टाकलं तं त्यायच्यासाठी काय राहील मंग?"

"आणि नाही विचारलं तर?"

"इचारतील," काकू म्हणाल्या. "दुनियेला इचारायला लावतेत. घरचा नंबर कवातरी लागंलच की."

त्यानंतर काही दिवसांनी बाजार समितीच्या भिंतीपाशी सर मला म्हणाले, "मीबी लिहून राह्यलो." मला कळेना आधी. ते कादंबरी लिहीत होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पानांवर रेघा मारलेला माणूस. "तू ऐकशील का? कोनाला तरी सांगावी लागती ना." मग दर रविवारी मी मोटारसायकलवर जालन्याहून जायचो, आणि मिरचीच्या पोत्यांमधून चालत सर मला त्यांची कादंबरी सांगायचे.

त्यातल्या मुलाचं नाव भानुदास होतं. बाकी सगळा संतोष. पारव्याची पिल्लं बघायला शाळेच्या पत्र्यावर चढलेला, ट्यूशनला जातो म्हणून क्रिकेट खेळून आलेला, लंगडं वासरू सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणणारा. त्यातल्या निम्म्या प्रसंगांत मी स्वतः होतो, आणि तरी पुढं काय होणार म्हणून जीव टांगणीला लागायचा. सरांनी ते इतकं सुंदर लिहिलं होतं. एक शब्द इकडचा तिकडं हलवावा असं मला वाटलं नाही.

पण कादंबरी एका सकाळपाशी येऊन थांबायची. भानुदास आणि त्याची आई शेताला निघतात, आई डबा घ्यायला परत वळते, तो दारात चपला घालत उभा आहे. तिथं सर थांबायचे. "पुढचं पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी भानुदास पुन्हा दहावीत असायचा. सरांना काहीतरी आठवलेलं असायचं, ते त्यांनी मध्येच घातलेलं असायचं. असं किती वेळा झालं. कादंबरी पुढं जाईना, आतून फुगत चालली. मी एकदा धीर करून म्हणालो, "सर, वाढतंय."

"वाढू दे," सर म्हणाले. "त्याला काय घाई हाय का?"

दुसऱ्या कुणाची कादंबरी असती तर त्यांनीच सांगितलं असतं की लेखक इथं घाबरलाय.

एका रविवारी मात्र ते बाजाराकडं वळले नाहीत. मला ओसरीवर बसवलं. हातात कागद होते. "झालं," म्हणाले, "शेवटचं प्रकरण. हे सांगत न्हाई, वाचून दाखवतो." मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. तोंडी सांगता येत नाही ते प्रकरण ते वाचून दाखवणार होते.

प्रकरणात भानुदास पेटीपाशी कोसळतो. आई धावत येते, त्याचं डोकं मांडीवर घेते. तो डोळे उघडतो. म्हणतो, "आई, बाबा आले का? बाबांना म्हणाव, बाग सांभाळा." मग लिंबाची पानं हलतात आणि तो जातो. सरांचा आवाज शेवटी शेवटी फाटला. चष्मा काढून ते माझ्याकडं बघायला लागले. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या कादंबऱ्यांतून जे जे काढलं होतं ते सगळं त्या चार पानांत होतं. आणि मला ते बोलायचं धाडस नव्हतं, कारण समोर संपादक नव्हता, बाप बसलेला होता.

आतून काकू आल्या. पदराला हात पुसत चौकटीत उभ्या राहिल्या.

"आसं न्हाई झालं," त्या म्हणाल्या.

सर कागदांकडं बघत राहिले.

"आसं न्हाई झालं. त्याचं डोस्कं माझ्या मांडीवर नव्हतंच. मला इचारलं आसतं तं सांगितलं आसतं. यवढे वरीस झाले, मी हितंच हाय ना? कुठं गेल्ते का मी?"

सरांनी कागदांची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि कोटाच्या खिशात कोंबून बाहेर निघून गेले. काकू माझ्यासमोर उभ्या राहून रडल्या, तोंड न झाकता. मी खाली मान घालून बसलो.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा घरात काहीतरी ठरल्यासारखं वाटत होतं. सर ओसरीवर पाट मांडून बसले होते. गुडघ्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कोरे कागद, हातात पेन्सिल, कानामागं आणखी एक. काकूंना त्यांनी समोर बसवलं होतं. काकूंनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं, केस नीट बांधले होते. कुठंतरी जायचं असल्यासारख्या तयार होऊन बसल्या होत्या. मी परत फिरायला लागलो तर सर म्हणाले, "बस, तूबी ऐक."

"हं," सर काकूंना म्हणाले, "सांग. तू कुठं उभी होतीस? वाफ्यात का बांधावर?"

काकूंचं लक्ष पेन्सिलीकडं गेलं. सरांनी टोक कागदाला लावलेलं होतं.

"तुमी लिवून घेनार?"

"मंग? ध्यानात कसं राहील?"

"न्हाई राह्यलं तं न्हाई राह्यलं." काकू हळू बोलत होत्या. "आवो, ते तुमचं लेकरू हाय. त्याची कादंबरी मला न्हाई सांगायची. पेन्सिल ठिवा. मंग सांगते. सगळं सांगते."

मला वाटलं, ठेवतील. काय मोठी गोष्ट होती? बाजूच्या पाटावर टाकायची फक्त. सरांची बोटं हललीही. पण पेन्सिल सुटली नाही. त्यांचा चेहरा मी इतका जवळून कधी पाहिला नव्हता. त्यात हट्ट नव्हता, भीती होती. हातात काही न धरता ते ऐकणं त्यांच्या अंगात नव्हतं.

"बरं, मंग पुढच्या रविवारी," सर म्हणाले.

काकू उठल्या. "तुमाला जवा जमंल तवा," म्हणाल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. त्या दिवशी त्यांनी मला आग्रह करकरून जेवू घातलं.

पुढच्या रविवारी काकूंना ताप होता. भोकरदनच्या डॉक्टरांनी साधा म्हणून गोळ्या दिल्या, मग श्वास लागायला लागला तेव्हा संभाजीनगरला हलवलं. मी तिथं पोचलो तेव्हा त्यांच्या तोंडाला मास्क लावलेला होता. बोलता येत नव्हतं. सर पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते, दोन्ही हात रिकामे, आणि त्या रिकाम्या हातांत काकूंचा हात धरलेला. सर सारखे खाली वाकून म्हणत होते, "सांग. आता सांग. मी ऐकून राह्यलो." नर्सनं त्यांना दोनदा बाजूला केलं. काकू त्यांच्याकडं बघत होत्या. एकदा त्यांनी मास्ककडं हात नेला, तो नर्सनं खाली घेतला. त्यानंतर त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

राख सावडून आलो त्या दुपारी सर माझ्याशेजारी ओसरीवर बसले होते. घरात पाहुण्यांची वर्दळ होती. एकदम म्हणाले, "पेन्सिल ठिवायला काय लागत होतं रे?"

मी पाण्याचा तांब्या त्यांच्याकडं सरकवला.

"मला भ्या वाटायचं. त्यानं माझं नाव घेतलं आसंल तं? आन् घेतलंच नसंल तं? दोन्हीचं भ्या वाटायचं. म्हनून इचारलं न्हाई." ते रडायला लागले. संतोष गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होतो, आणि ते थांबेचनात. आतून बायका बाहेर येऊन बघून गेल्या. त्यांना वाटलं, बायकोसाठी रडतोय. मला विचाराल तर ते त्या दोघांसाठीही होतं आणि स्वतःसाठीही. नुसतं विचारायचं होतं. परतूरच्या गाडीत बसवून त्यांनी परक्या लेकींना विचारायला पाठवलं, आणि स्वतःला ओसरीवरून स्वयंपाकघरापर्यंत जाता आलं नाही. मला आजही त्यांचा राग येतो. आणि राग आला की मागोमाग इतकं वाईट वाटतं की काही सुधरत नाही.

सर गेल्या थंडीत वारले. कादंबरीचा गठ्ठा त्यांनी आधीच माझ्याकडं दिला होता. ती चार पानं त्यात नाहीत. कादंबरी त्या सकाळपाशी थांबते, पोरगा दारात चपला घालतोय तिथं. प्रकाशक म्हणतात, तुम्ही त्यांचे विद्यार्थी, संतोषचे मित्र, शेवटचं प्रकरण तुम्ही लिहून टाका, पुस्तक काढू. मी नाही म्हणतो. मी तिथं नव्हतो, आणि विचारायला आता कुणी उरलेलं नाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या शेतात. काकूंचं सगळं आटोपल्यावर काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला, "गाडी घिऊन ये. शेतात जायाचं." संतोष गेल्यापासून त्यांनी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. गाडीवर मागं बसून त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता. बाग वाढली होती. बटईदारानं चांगली ठेवली होती, फांद्या फळांनी वाकलेल्या. मोटारीची पेटी बदललेली होती, पण खांब तोच होता.

सर बांधावर उभे राहिले. मग वाफ्याच्या कडेला गेले. मग चार झाडं मागं सरकले. मला आधी वाटलं, ते बाग बघतायत.

"तू पेटीपाशी जाऊन उभा राह्य," ते म्हणाले.

मी गेलो.

"हात वर कर. पेटी उघडल्यासारखा."

मी हात वर केला. सर एकेका जागेवर उभे राहून माझ्याकडं बघत होते. वाकून बघत होते, बाजूला होऊन बघत होते. "हितून तोंड दिसतं," स्वतःशीच म्हणाले. पुन्हा सरकले. "हितून नुसती पाठ. तिला तोंड दिसलं आसंल का रे? का पाठच?"

"माहीत नाही, सर."

"जरा पाठ कर."

मी त्यांच्याकडं पाठ केली. समोर पेटी, तिच्यामागं मोसंबीची झाडं, कुठंतरी लांब ट्रॅक्टर चाललेला. मागून सरांचा आवाज येईना. वळून बघावं असं वाटलं, पण वळलो नाही. मग हाक आली, मोठ्यानं, बागेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पोराला मारावी तशी.

"संतूऽऽ!"

मी तसाच उभा राहिलो. पाठीमागं म्हातारा माणूस उभा होता आणि वाट बघत होता.

दुसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी हात खाली घेतला आणि म्हणालो, "आलो, बाबा."